अंगणात उतरलेली हरणं: आधी माद्या मोजा

मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या हद्दीत, हरणं फार झाली आहेत. बागेत काही टिकत नाही. शेजारच्या काकांना गोचिडीतून होणारा लाइमचा आजार झाला. नोव्हेंबरात माझ्या नवऱ्याच्या गाडीवर हरीण आदळलं. आता टाउनशिप नेमबाज आणून हरणं मारायचं म्हणते आहे आणि पुढच्या महिन्यात त्यावर बैठक आहे. सासूबाई रोज संध्याकाळी हरणांना पोळी आणि गाजरं घालतात. नववीतली मुलगी विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करते आहे. नसबंदी करता येत नाही का? पकडून दूर जंगलात सोडता येत नाही का? आम्ही काय भूमिका घ्यावी?

ताई, मी मूळची भंडाऱ्याची. नागझिऱ्यात चितळांच्या लेंड्या मोजत हे काम शिकले. गेली बावीस वर्षं न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या उपनगरांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची गणती करणं, जंगलाची तब्येत पाहणं आणि टाउनशिपना सल्ला देणं हीच माझी रोजीरोटी आहे. माझी आजी माळकरी होती. घरात मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करायची पद्धत. त्यामुळे तुमच्या घरात सध्या जेवणाच्या टेबलावर काय चाललं असेल, ते मला न सांगता कळतं. उत्तर लांबेल, पण बैठकीला जायच्या आधी वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. तुमच्यासारख्या चहूबाजूंनी उघड्या टाउनशिपमध्ये माद्या कमी केल्याशिवाय हरणं कमी होत नाहीत, आणि माद्या कमी करण्याचा आज हाती असलेला खात्रीचा मार्ग नेमबाजांचाच आहे. मात्र एखाद-दोन हिवाळे करून थांबायचं असेल, तर ते करूच नये. तेवढी हरणं उगाच मेली, एवढंच होईल.

आता हे इथवर आलं कसं ते बघा. विसाव्या शतकाच्या तोंडाशी साऱ्या अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आत उरली होती. कातडं आणि मांस बाजारात विकायला बेसुमार शिकार झाली होती, जंगलं तोडून शेतं झाली होती. पूर्वेकडचे लांडगे आणि प्यूमा तर त्याआधीच संपले होते. मग १९०० साली लेसी कायदा आला, रानातल्या प्राण्यांचा चोरटा व्यापार आवळला गेला, राज्यांनी हरणाचं मांस विकायला बंदी घातली, शिकारीला हंगाम आणि परवाने आले. बहुतेक ठिकाणी मादी मारायची नाही, फक्त नर मारायचा, असा दंडक पडला. हरीण वाचवायचं तर तेव्हा तेच बरोबर होतं. ती हरणं वाचली. आज देशभरात त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास धरतात. मधल्या काळात शेतं मोडून उपनगरं उठली, आणि आपण नकळत हरणाला हवं तसंच घर बांधून दिलं: थोडं जंगल, त्याला लागून हिरवळ, खत घातलेली झुडपं, बंदुकीला मनाई आणि मागे लागणारं कुणी नाही. दाट जंगलापेक्षा जंगलाचा काठ हरणाला मानवतो, आणि उपनगर म्हणजे नुसता काठच काठ.

नागझिऱ्यात चितळाच्या मागे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्र्यांची टोळी आहे. तिथल्या चितळाला निवांत चरता येत नाही, दोन घास घेतले की मान वर. तुमच्या अंगणातली मादी हॉस्टाची पानं खाताना कितीदा मान वर करते, एकदा बघा. इथे कोयोटी (लांडग्याच्या कुळातले लहान शिकारी) आणि अस्वलं काही पाडसं उचलतात, पण मोठी मादी क्वचितच त्यांच्या हाती लागते. आणि हा प्रश्न अमेरिकेचाच आहे असंही नाही. आपल्याच अंदमानात इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चितळं नेऊन सोडली. तिथे त्यांना खाणारं कुणी नव्हतं, आणि आज कित्येक बेटांवर जंगलातली नवी रोपं वर येत नाहीत ती त्यांच्यामुळेच.

हरणं किती वेगानं वाढतात याचा एक जुना दाखला आमच्या कामात सगळ्यांना पाठ असतो. मिशिगन विद्यापीठानं सुमारे बाराशे एकरांच्या कुंपणबंद रानात १९२८ साली सहा हरणं सोडली, चार माद्या आणि दोन नर. १९३३च्या हिवाळ्यात माणसांची रांग करून हाकारा घातला तेव्हा १६० मोजली गेली. यात चमत्कार काही नाही. मादी नोव्हेंबरच्या मध्याला माजावर येते, दोनशे दिवस गाभण राहते आणि मे-जूनमध्ये विते. पोट भरलेलं असलं की जुळी पाडसं ही नेहमीची गोष्ट. चांगल्या चाऱ्यावर वाढलेली पाडशी तर त्याच हिवाळ्यात, सात महिन्यांची असताना गाभण राहू शकते. आणि एक नर कितीतरी माद्यांना पुरतो. म्हणून शंभरातले पन्नास नर मारले तरी पुढच्या जूनमधल्या पाडसांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. शिकाऱ्याला मोठ्या शिंगांचा नर हवा असतो, त्यानं कळप कमी होत नाही. बैठकीत कुणी ‘गेल्या वर्षी एवढी हरणं काढली’ असं सांगितलं, तर लगेच विचारा: त्यात माद्या किती? कळप नुसता आहे तिथे रोखायचा तरी दरवर्षी माद्यांतला तिसरा हिस्सा, काही ठिकाणी चाळीस टक्क्यांपर्यंत, कमी व्हावा लागतो.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. या हरणांत लेक आईला सोडून लांब जात नाही. आजी, आई, लेक, नाती अशा एकाच परिसरात राहतात. नर पाडसं मोठी झाली की दूर निघून जातात, मुली जवळच आपलं बस्तान मांडतात. त्यामुळे एखाद्या भागातल्या माद्या कमी केल्या, तर ती जागा भरायला शेजारच्या माद्या धावत येतात असं सहसा होत नाही. काम टिकतं, पण राखलं तरच. मी सल्ला दिलेल्या एका टाउनशिपनं तीन हिवाळे चांगलं काम केलं, संख्या उतरली, लोकांचा राग निवला, आणि चौथ्या वर्षी अंदाजपत्रकातून तो खर्चच काढून टाकला. मी लिहून दिलं होतं, विनवलं होतं. काही वर्षांत कळप परत पहिल्यासारखा. जी हरणं त्या तीन हिवाळ्यांत मारली, त्यांचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

तुमचा प्रश्न बागेपासून सुरू झाला, पण मला सगळ्यात जास्त काळजी जंगलाची आहे, म्हणून तिथे जरा थांबते. तुमच्या घरामागे जो टाउनशिपचा झाडांचा पट्टा आहे, तिथे एकदा जा आणि नुसतं डोळ्यासमोर बघा. पाच फुटांच्या खाली पान दिसणार नाही. वर हिरवं, खाली मोकळं, जणू कुणी सुतळी धरून कापलं आहे. हरीण मान उंचावून जिथवर पोहोचतं तिथवरची ती रेघ. पुष्कळांना असं जंगल छान वाटतं, आरपार दिसतं, चालायला मोकळं. पण त्यात मूल नाही. उंच ओक आहेत, सगळे ऐंशी-शंभर वर्षांचे, आणि त्यांच्याखाली गुडघ्याएवढाही ओक नाही. दरवर्षी ओकफळं पडतात, रुजतात, चार पानं काढतात, आणि खुडली जातात. हे म्हातारे ओक पडले की त्यांच्या जागी कोण येणार?

खाली जे हिरवं दिसतं, ते बहुतेक स्टिल्टग्रास असतं. आशियातून आलेलं गवत, पूर्वी चिनी मातीची भांडी पेट्यांत भरताना त्यात पेंढा म्हणून घालत. टेनेसीत १९१९ साली पहिल्यांदा रुजलेलं सापडलं. हरीण त्याला तोंड लावत नाही. काटेरी जपानी बारबेरीलाही नाही. म्हणजे हरीण इथली रोपं निवडून संपवतं आणि परक्या रोपांना मोकळं रान मिळतं. कमरेएवढ्या झुडपांत घरटं करणारे पक्षी, वुड थ्रशसारखे, अशा जंगलातून उठून जातात. वन खात्याच्या संशोधकांनी पेनसिल्व्हेनियाच्या ॲलेघेनी भागात दहा वर्षं कुंपणांत मोजून हरणं ठेवली होती, कुठे चौरस मैलाला दहा, कुठे वीस, कुठे त्याच्या कितीतरी पट. विसाच्या वर गेल्यावर जंगलाची नवी पिढी उभी राहणं अवघड होत गेलं. पूर्वेकडच्या उपनगरांत चौरस मैलाला शंभर हरणं मिळणं आता नवलाचं नाही. व्हॅली फोर्जच्या राष्ट्रीय उद्यानात तर २०१० साली काम सुरू करण्याआधी ती दोनशेच्या वर गेली होती.

बावीस वर्षांत एक गोष्ट मी सगळ्यात जास्त माणसांना दाखवली आहे: दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद, आठ फूट उंच जाळीचं साधं कुंपण. एका बागेजवळच्या रानात आम्ही ते लावलं तेव्हा आत आणि बाहेर एकसारखीच उघडी माती होती. आठ वर्षांनी मे महिन्यात गेले, तर जाळीला आतून पानं दाबून बसली होती. कमरेएवढे ओक, मेपल, व्हायबर्नमची झुडपं, आणि मधोमध सात ट्रिलियमची पांढरी फुलं. तीन पानं, तीन पाकळ्या. बी रुजल्यापासून फूल यायला त्याला सात-सात वर्षं लागतात, आणि एकदा खुडलं की झाड मागे जातं. म्हणजे हे कंद जमिनीत जीव धरून होते, नुसती वाट बघत. माझ्याबरोबर टाउनशिपचे एक वयस्क सभासद होते, कित्येक वर्षं नेमबाजीला विरोध करणारे. ते जाळीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, लहानपणी आम्ही ही फुलं तोडून आईला द्यायचो, मला वाटलं होतं की ती आता या भागातच होत नाहीत.

आता तुमचे दोन पर्याय.

पकडून दूर सोडणं. हा विचार मनाला सगळ्यात बरा वाटतो, आणि हरणासाठी तो सगळ्यात वाईट आहे. रानातलं हरीण पकडताना इतकं घाबरतं की स्नायू आतून खराब होऊन काही दिवसांत मरू शकतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावरून १९८१मध्ये दोनशेहून अधिक काळ्या शेपटीची हरणं उचलून मुख्य भूमीवर सोडली होती. ज्यांवर पाळत ठेवली, त्यांतली शंभरातली पंचाऐंशी वर्षभरात मेली. गाड्यांखाली, कुत्र्यांच्या तोंडी, उपाशी. शिवाय सोडायचं कुठे? ज्या जंगलात नेणार तिथे आधीच हरणं पुरेशी आहेत. बहुतेक राज्यंही याला आता परवानगी देत नाहीत.

नसबंदी आणि लस. याला मी विरोध करत नाही, कुठे चालते ते सांगते. न्यू यॉर्कमधल्या कॉर्नेल विद्यापीठानं आपल्या परिसरात २००७ नंतर माद्यांच्या बीजवाहिन्या बांधायला सुरुवात केली. एकेका मादीमागे हजार डॉलरच्या वर खर्च. पाडसं कमी झाली, पण कळप कमी झाला नाही. कारण बीजवाहिन्या बांधलेली मादी गाभण राहत नाही आणि म्हणून महिन्या-महिन्यानं पुन्हा माजावर येत राहते. तिच्या वासानं आसपासचे नर तिथे येऊन जमले. शस्त्रक्रियेत काही चूक नव्हती, पण परिसर उघडा होता. शेवटी त्यांना हरणं मारण्याच्या परवान्याकडेच वळावं लागलं. स्टेटन आयलंडवर न्यू यॉर्क शहरानं २०१६ पासून उलट केलं, नरांची नसबंदी. हजाराहून अधिक नर भूल देऊन पकडले, लाखो डॉलर खर्च झाले, आणि कळप हळूहळू उतरल्याचे अंदाज आहेत. पण ते बेट आहे. तिथे हरणं न्यू जर्सीतून पोहत आली खरी, पण रोज कळप येत नाहीत. तुमच्या टाउनशिपला पाण्याचा वेढा नाही. एखाद्या नराला चाकू लागायचा राहिला किंवा एखादा शेजारच्या गावातून आला, तरी पुष्कळ माद्या गाभण राहतील. गर्भरोधक लशी आहेत, गोनाकॉन नावाच्या लशीला २००९ पासून केंद्राची मान्यताही आहे, पण ती मादीला पकडून टोचावी लागते आणि पुढे पुन्हा द्यावी लागते. बंदुकीतून दुरूनच टोचायच्या लशी आहेत, त्यांतही पुन्हा पुन्हा टोचणं आलंच. आणि मुख्य म्हणजे नसबंदी झालेली मादी पुढची आठ-दहा वर्षं तिथेच राहते, तेच कोंब खाते, त्याच रस्त्यावर येते. छोटा, बंदिस्त, आधीच कमी केलेला कळप राखायला हा मार्ग चांगला आहे. ओसंडणारा कळप उतरवायला नाही.

मग नेमबाज म्हणजे नेमकं काय? लोकांच्या डोळ्यासमोर दिवसाढवळ्या गोळीबार येतो. तसं नसतं. जानेवारी ते मार्च, पानं गळलेली, रात्रीची वेळ. ठरलेल्या जागी काही आठवडे मका टाकून हरणांना सवय लावतात. नेमबाज उंचावर बसतो, म्हणजे गोळी जमिनीतच जाते. बंदुकीला आवाज दाबणारी नळी. डोक्यातच गोळी, आणि खात्री नसेल तर गोळी नाही. मांसाची तपासणी करून अन्नछत्रांना देतात. न्यू जर्सीतल्या युनियन काउंटीच्या वॉचंग रानात हरणं कमी करण्याचं काम १९९४मध्ये सुरू झालं. प्रिन्स्टननं २००१मध्ये नेमबाज आणले तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं होतं, पुढेही त्यांनी वर्षानुवर्षं काम चालू ठेवलं. खर्च हरणामागे काही शे डॉलर येतो. तीर-कमठ्यानं शिकार करणाऱ्या स्थानिक लोकांना टाउनशिपच्या जागेत परवानगी देणं स्वस्त पडतं. न्यू जर्सीत घरापासून १५० फुटांच्या आत घरमालकाच्या परवानगीशिवाय बाण चालवता येत नाही, बंदुकीला हेच अंतर ४५० फूट आहे. पण बाणानं जखमी होऊन निसटणारी हरणं असतात, आणि मोठा कळप एकट्या बाणांनी खाली आलेला मी फारच क्वचित पाहिला आहे. संख्या उतरल्यावर ती राखायला हे शिकारी उपयोगी पडतात.

या कामाचं मला काय वाटतं, तेही सांगायला हवं, नाहीतर हा सल्ला अर्धवट राहील. मी बंदूक चालवत नाही. माझं काम त्यानंतरचं. फेब्रुवारीच्या रात्री ताडपत्रीवर दिव्याच्या उजेडात मारलेल्या मादीचं वय दातांवरून पाहायचं, पाठीवरची चरबी मोजायची, आणि गर्भाशय उघडून गर्भ मोजायचे. बहुतेक वेळा दोन असतात. वीतभर लांबीचे, केस न आलेले, पण खूर पूर्ण घडलेले, ओल्या मेणासारखे मऊ. त्यांची लांबी पट्टीवर धरून मादी कोणत्या तारखेला गाभण राहिली ते काढतात. हातमोज्यातूनही ऊब लागते. पहिल्या वर्षी मी त्या रात्री घरी येऊन जेवू शकले नाही. आजही सहज होत नाही, आणि ते सहज व्हायला लागलं तर मी हे काम सोडेन. पण मार्चच्या अखेरीस रानात सापडणारी हरणंही मी पाहिली आहेत: मांडीच्या हाडातला मगज लाल आणि पाण्यासारखा झालेला, म्हणजे चरबीचा शेवटचा कण वापरून संपलेला. रस्त्याच्या कडेला मागचे पाय मोडून दोन तास पडलेली मादी पाहिली आहे. या देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक धडका होतात आणि त्यांत शे-दोनशे माणसं जातात. काहीच न करणं म्हणजे हरणं न मारणं, असं मला आता म्हणवत नाही.

लाइमबद्दल मात्र बैठकीत जे सांगतील ते सगळं जसंच्या तसं धरू नका. हा आजार हरणातून येत नाही. जिवाणू राहतो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरात. गोचिडीचं पिल्लू उंदराच्या अंगावर रक्त पितं तेव्हा त्याला तो लागतो. हरणाच्या अंगावर मोठी गोचीड पोट भरते, तिथेच जुळते आणि मग खाली पडून हजारो अंडी घालते. म्हणजे हरीण गोचिडींना पोसतं, आजार देत नाही. मेन राज्यातल्या मॉन्हेगन बेटावर १९९९पर्यंत सगळीच्या सगळी हरणं काढली, तेव्हा गोचिडी जवळजवळ संपल्या. पण आपल्याच राज्यात बर्नार्ड्‌स टाउनशिपमध्ये शिकारीनं हरणं कमी केल्यावर गोचिडींत किंवा रुग्णांत घट दिसली नाही. हरणं पुष्कळ खाली आणावी लागतात, थोडीशी कमी करून हा फायदा मिळत नाही. म्हणून गोचीड तपासणं तुमच्याच हाती आहे. मे ते जुलै या काळात चावते ती खसखशीच्या दाण्याएवढी असते. बागेतून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याच्या रेघेवर, केसांच्या कडेला बघा. सापडली तर टोकदार चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश काही लावू नका. जिवाणू अंगात जायला बहुधा चोवीस तासांहून अधिक लागतात, त्यामुळे रोजची तपासणी खरोखर वाचवते. फुगलेली गोचीड निघाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ७२ तासांच्या आत औषधाचा एकच डोस देऊन आजार टाळायची सोय आहे.

सासूबाईंचं. हे मला जपून लिहावंसं वाटतं, कारण संध्याकाळी मुक्या जिवाला घास घालणं हा त्यांचा परदेशातला एक आधार असेल. पण त्यांना हे सांगा, माझं नाव घेऊन सांगा. हरीण गाईसारखंच रवंथ करतं. हिवाळ्यात त्याच्या पोटातले जंतू काड्या आणि साली पचवायला बसलेले असतात. त्यावर एकाएकी पोळी, मका, ब्रेड पडला की पोटात आम्ल तयार होतं आणि पोट भरलेलं असताना हरीण मरतं. मी अशी हरणं फाडून पाहिली आहेत. शिवाय एका जागी रोज खाणं मिळालं की आठ-दहा हरणं तोंडाला तोंड लावून उभी राहतात, रोग पसरतात, आणि ती तुमच्या घराकडे येताना रस्ता ओलांडतात. घास थांबवणं हाच इथे घास घालणं आहे. पक्ष्यांसाठी दाणे टांगले असतील तर तेही सहा फुटांच्या वर न्या, हरीण तेही चाटून पुसून खातं.

बागेचं थोडक्यात. आधी खाणारं कोण ते ओळखा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून फांदी ओढून तुटते आणि टोकाला धागे लोंबतात. सशानं खाल्लेली काडी चाकूनं तिरकी कापल्यासारखी असते. हॉस्टा, ट्युलिप, छोटं आर्बरविटी, वाल, रताळ्याचे वेल, भेंडी हे लावून हरणांपासून वाचवू म्हणणं फुकट आहे. डॅफोडिल, लव्हेंडर, पुदिना, लसूण, ओवा यांना ती सहसा सोडतात. रटगर्स विद्यापीठाची झाडांची यादी आहे, हरीण कोणतं झाड किती खातं याप्रमाणे चार वर्गांत लावलेली. रोपवाटिकेत जाण्याआधी ती बघा. भाजीच्या वाफ्याला आठ फुटांची जाळी लागते, पण वाफा अरुंद असेल तर कमी उंचीही चालते, कारण उतरायला जागा दिसली नाही की हरीण उडी मारत नाही. सडक्या अंड्याच्या वासाची औषधं चालतात, पण पाऊस पडला की पुन्हा मारावी लागतात. साबणाच्या वड्या आणि केस टांगण्यावर भरवसा ठेवू नका. गाडी चालवताना नोव्हेंबरातल्या तिन्हीसांजेला वेग उतरवा. एक हरीण गेलं की मागून दुसरं येणार असं धरून चला, आणि समोर आलंच तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग वळवू नका.

बैठकीत बोलायला बहुधा तीनच मिनिटं मिळतात. मुलीलाही बोलू द्या. विरोध करायचा असेल तरी तिनं हे विचारावं: गणती कशी केली, पानगळीनंतर ड्रोननं उष्णतेवरून मोजली की लोकांच्या तक्रारींवरून अंदाज बांधला? किती माद्या काढणार? किमान पाच वर्षांचा पैसा बाजूला ठेवला आहे का? मांस कुठे जाणार? खायला घालण्यावर बंदी आहे का, आणि ती पाळली जाते का? आणि जंगल सुधारतं आहे की नाही, हे कोण, कसं मोजणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तुम्ही त्या योजनेला पाठिंबा देऊ नका, असं मीच म्हणेन. मारलेल्या हरणांचा आकडा हे यश नव्हे. ओकची रोपं गुडघ्यापर्यंत आली का, हे बघायचं असतं.

ते बघायला टाउनशिपची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या आवारात झाडांखालची जागा असेल, तर मार्च संपायच्या आत मुलीला बरोबर घेऊन दहा पावलांचा चौकोन आखा. कोपऱ्यांना लाकडी खांब, मध्ये लोखंडी काठ्या, आठ फुटी प्लास्टिकची जाळी. तळाशी वीतभर जागा सोडा, म्हणजे ससे आणि कासवं आत-बाहेर करतील आणि फरक पडेल तो फक्त हरणांचा. शेजारी तेवढाच चौकोन चार खुंट्या ठोकून उघडा ठेवा. एप्रिलच्या अखेरीस ओकचे कोंब येतात, तांबूस, दुमडलेल्या पानांचे. दोन्हीकडचे मोजायचे, उंची पट्टीनं घ्यायची आणि तारखेसकट वहीत लिहायचं. पुन्हा सप्टेंबरात मोजायचं. जाळीवर वेल चढू देऊ नका, आणि हिमवादळानंतर फांदी पडून जाळी खाली आली नाही ना, ते त्याच दिवशी जाऊन बघा.